कच्चं मांस शिजवण्याआधी धुवायचं की नाही?

पातेलं:
मांस आणलं की आधी नळाखाली धरायचं, हे बहुतेकांच्या अंगवळणी पडलेलं असतं. आता जिथे तिथे वाचायला मिळतं की धुऊच नका. कारण विचारलं तर 'जंतू उडतात' एवढंच उत्तर मिळतं, पुढे काही नाही.

मला नेमकं हे हवं आहे. चिकन, मटण, खिमा, कलेजी, मासे सगळ्यांना एकच नियम आहे का? हाडांची चुरी, पिसांची मुळं, रक्ताच्या गाठी लागलेल्या असतात त्यांचं काय करायचं? लिंबू किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवल्याने फरक पडतो का? आणि कुणाला धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल तर त्यातल्या त्यात बरी पद्धत कोणती? कृपया तपशिलात लिहा.

सांडशी:
धुऊ नका, हे माझं स्पष्ट मत. पण कारण नीट समजून घ्या, कारण नुसतं न धुतल्याने धोका टळत नाही.

कच्च्या कोंबडीच्या बाबतीत मुख्य काळजी कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला या दोन जंतूंची. ते धुळीसारखे वर बसलेले नसतात. पीस उपटल्यावर राहिलेल्या छिद्रांत, कातडीच्या वळ्यांत, मांसावरच्या पातळ पडद्यात ते चिकटून असतात. तिथवर धार पोचत नाही. जे सैल असतात तेवढेच सुटतात, आणि सुटलेले सगळे पाण्याबरोबर खाली जात नाहीत. काही सिंकच्या कडांवर, नळाच्या तोटीवर, शेजारी निथळत ठेवलेल्या ताटल्यांवर जाऊन बसतात. कॅम्पिलोबॅक्टरचे काहीशे जंतूसुद्धा माणसाला आजारी पाडायला पुरतात, म्हणून डोळ्यांना न दिसणारा थेंबही महत्त्वाचा ठरतो.

थेंब किती लांब जातात? ब्रिटनची आरोग्यसेवा ५० सेंटिमीटरहून जास्त सांगते, तेही सगळ्या दिशांना. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भौतिकशास्त्राच्या अभ्यासात हे जवळून पाहिलं गेलं. तोटी जितकी उंच, तितके शिंतोडे जास्त. आणि कोंबडीचं अंग मऊ असल्यामुळे धार पडते तिथे बारीक खळगा पडतो, त्या खळग्यातून पाणी उसळून बाहेर फेकलं जातं. कडक वस्तूवर तीच धार सोडली तर इतकं उडत नाही.

आता आकडे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये एक अभ्यास जाहीर केला. त्यात कोंबडीच्या तुकड्यांवर निरुपद्रवी, ओळखता येणारे जंतू लावून लोकांना नेहमीसारखा स्वयंपाक करायला सांगितलं होतं. ज्यांनी चिकन धुतलं त्यांच्यापैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये ते जंतू सापडले. सिंक साफ केल्यावरही १४ टक्के लोकांच्या सिंकमध्ये होतेच. २६ टक्के लोकांच्या कच्च्या सॅलडच्या पानांवर ते पोचले. पण सर्वात महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे: ज्यांनी धुतलंच नाही त्यांच्यापैकीही ३१ टक्के लोकांच्या सॅलडवर जंतू गेले. म्हणजे नळ बंद ठेवूनही हात, सुरी आणि पाट यांच्यामार्फत तोच प्रवास होतो. न धुण्याचा सल्ला देणारे ही दुसरी बाजू बहुतेक वेळा सांगतच नाहीत, आणि मला ते फार खटकतं.

जंतू मरतात ते उष्णतेने. कोंबडी, मग ती अख्खी असो, तुकडे असोत की खिमा, आतून ७४ अंश सेल्सियस. मटण, बीफ, पोर्क यांचा खिमा ७१ अंश. याच मांसाचे अख्खे तुकडे ६३ अंश आणि त्यानंतर आचेवरून उतरवून किमान ३ मिनिटं तसेच. मासे ६३ अंश. खिम्याला जास्त का? अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतांशी बाहेरच्या बाजूला असतात आणि बाहेरची बाजू आधी तापते. खिमा करताना बाहेरचं सगळं आत मिसळतं.

धारदार:
सांडशी यांच्याशी सहमत, पण मूळ प्रश्नातला चुरीचा भाग राहिला. लोक धुतात ते जंतूंपेक्षा डोळ्यांना दिसणाऱ्या घाणीसाठी, आणि ती काढायलाच हवी. फक्त त्याला वाहतं पाणी लागत नाही.

कोयत्याने तोडलेल्या तुकड्यांवर हाडांचे कण असतात. ते पाण्याने नीट सुटतही नाहीत, कारण मांसाच्या तंतूंत रुतलेले असतात. किचन पेपरचा तुकडा जरासा ओला करा आणि हाडाच्या तुटलेल्या कडेपासून बाहेरच्या बाजूला पुसा, कण कागदाला चिकटून येतात. मग कडेवरून बोट अलगद फिरवा. टोचलं की तिथे सुरीच्या टोकाने उचला. घाईने फिरवू नका, चिकनच्या हाडाची कपची बोटात सहज घुसते आणि ती जखम चिघळू शकते.

पिसांची मुळं चिमट्याने काढा, ज्या दिशेला पीस उगवतं त्याच दिशेला ओढून. उलट ओढलं तर मूळ आत तुटतं.

अख्खी कोंबडी असेल तर पोटात हात घालून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे खळगे पाहा. तिथे गडद तांबूस, मऊ, जेलीसारखे तुकडे दिसतील. ती मूत्रपिंडं, आणि थोडं वर गुलाबी स्पंजासारखी फुप्फुसं. रस्सा गढूळ आणि कडवट होतो तो बऱ्याचदा यांच्यामुळे. चमच्याच्या टोकाने खरवडून काढा आणि खळगा कागदाने टिपून घ्या. मानेजवळची रक्ताची गाठ पण अशीच निघते.

कलेजीवर हिरवट डाग दिसला तर तो पित्ताचा. तो धुऊन जात नाही, पित्त आत मुरलेलं असतं. डागाच्या बाहेर अर्धा सेंटिमीटर घेऊन तेवढा भाग कापून टाका.

खिमा कधीही धुऊ नका. बारीक कणांतून चवीचा रस आणि विरघळणारी प्रथिनं पाण्याबरोबर जातात, आणि अडकलेलं पाणी काही केल्या निथळत नाही. मग तो परतला जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडतो.

पाणी खरंच लागतं ते दोन ठिकाणी. एक, वजडी आणि आतडी. त्यात पोटातलं राहिलेलं असतं, ती पुन्हा पुन्हा पाणी बदलून साफ करावीच लागते. दुसरं, अख्खा मासा. खवले आणि कल्ले काढून पोट साफ केल्यावर कण्यालगतची रक्ताची रेघ नखाने फोडून काढावी लागते, पोटातलं काळं अस्तर खरवडावं लागतं. या दोन्हींसाठी पाणी भांड्यात घ्या, नळाची धार नको. खारवलेलं मांस भिजवायचं असेल तर तेही झाकणाच्या भांड्यात, फ्रिजमध्ये.

पातेलं:
दोघांचे आभार, कण्याजवळच्या खळग्यांचं नवीन कळलं. लिंबू-व्हिनेगरचं राहिलं. आणि पाकीट उघडल्यावर येणारा वास धुतल्याने जातो, मग धुण्यात काहीच अर्थ नाही असं कसं?

सांडशी:
वासाचं आधी. हवाबंद पाकिटात मांस स्वतःच्या रसात बंद असतं, उघडल्याबरोबर कोंदट वास येतो. ताटलीत काढून फ्रिजमध्ये १०-१५ मिनिटं उघडं ठेवा, चांगलं मांस असेल तर वास ओसरतो. तरीही आंबूस वास राहिला, वरून बुळबुळीत लागलं, बोट फिरवल्यावर तार सुटली, तर ते खराब झालेलं आहे. ते धुतलं तर वास कमी होतो आणि मांस तेवढंच खराब राहतं. धुण्याचा हा तोटा कुणी लक्षात घेत नाही: नाकाला मिळणारी सूचना आपण पुसून टाकतो. बाहेर बराच वेळ राहिलेल्या मांसात काही जंतू विष तयार करून ठेवतात आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. उन्हात राहिलेल्या बांगड्या, टुना यांच्यात तयार होणाऱ्या हिस्टामिनचंही तसंच. म्हणून ४ ते ६० अंशांच्या मध्ये कच्चं मांस एकूण २ तासांहून जास्त नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच.

पाकिटातलं लाल पाणी रक्त नव्हे. ते पाणी आणि मायोग्लोबिन नावाचं स्नायूतलं प्रथिन. कागदाने टिपा, पुरे.

लिंबू, व्हिनेगर, मीठ चवीला आणि मांस मऊ करायला घाला, हरकत नाही. पण तेवढ्या वेळात आणि तेवढ्या तीव्रतेत ते आतवर दडलेल्या जंतूंना भरवशाने मारत नाहीत. मांसाचा रंग पांढरट होतो तो प्रथिनं आंबटाने गोठल्यामुळे. ते पाहून मांस 'स्वच्छ' झालं असं वाटतं, पण तसं नसतं.

मोरी:
धुतल्याशिवाय ज्यांना जमतच नाही त्यांच्यासाठी लिहिते, कारण नुसतं 'नका' म्हटलं तर ते लोक पूर्वीसारखं नळाखालीच धरतील.

सॅलड, फळं, कोथिंबीर, जे कच्चं खायचं ते आधी चिरून झाकून दूर ठेवा. सिंक आणि आजूबाजूचा ओटा रिकामा करा. सिंकच्या तळाशी खोल भांडं ठेवून ते अर्धं भरा आणि नळ बंद करा. मगच मांस पाण्यात हळू सोडा. हात पाण्याखाली ठेवून चोळा, वर उचलून झटकू नका. भांड्यातच चाळणी ठेवली असेल तर ती सावकाश उचलता येते. पाणी वरून ओतू नका, भांडं सिंकच्या तळाला टेकवून जाळीजवळ तिरकं करा. यात थेंब उडतच नाहीत असं नाही, पण धारेपेक्षा पुष्कळ कमी.

नंतरचं काम खरं. आधी साबण आणि गरम पाण्याने सिंक, तोटी, नळाची मूठ आणि कडा घासा. नळाची मूठ सगळे विसरतात, आणि मांसाचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. म्हणून नळ कोपराने उघडा. मग ४ लिटर साध्या पाण्यात १ मोठा चमचा, म्हणजे १५ मिलि, बिनवासाचं घरगुती ब्लीच घालून पुसा आणि आपोआप वाळू द्या. क्रम उलटा नको. चरबी किंवा रस राहिला असेल तर ब्लीच त्यावरच खर्ची पडतं.

एक गंभीर सूचना: मांस लिंबू किंवा व्हिनेगरच्या पाण्यातून काढलं असेल तर सिंक साबणाने पूर्ण धुतल्याशिवाय ब्लीच ओतू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

घासणी तिथली तिथे बदला किंवा उकळा. तीच घासणी पेल्यांना लागली तर सगळी मेहनत वाया जाते. हात साबणाने २० सेकंद, नखांच्या खाली आणि अंगठ्याच्या मुळाशी.

तवा:
चवीच्या बाजूने एक मुद्दा. मांस तव्यावर खरपूस व्हायचं तर वरचा थर कोरडा हवा. ओलावा असेपर्यंत तो १०० अंशांच्या वर जात नाही आणि लालसर रंग व सुगंध येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. धुतलेला तुकडा तेलात टाकला की चरचर होते, ती पाणी उडण्याची. तोवर तुकडा उकडून आक्रसतो. कागदाने दाबून टिपा, कागद कोरडा निघेपर्यंत. वेळ असेल तर किलोला १० ते १५ ग्रॅम मीठ चोळून फ्रिजमध्ये सर्वात खालच्या कप्प्यात, खाली ताट ठेवून, काही तास ठेवा. आधी पाणी सुटेल, मग बरंचसं परत आत जाईल.

गोठलेलं मांसही नळाखाली धरून सोडवू नका. फ्रिजमध्ये सोडवायला २ ते अडीच किलोच्या कोंबडीला साधारण २४ तास लागतात. घाई असेल तर न गळणाऱ्या पिशवीत बांधून गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला आणि सुटल्याबरोबर शिजवा.

पातेलं:
शेवटचं एक. पूर्ण शिजलेल्या तंगडीतही हाडाजवळ लाल-काळसर दिसतं. नीट न धुतल्याचा परिणाम म्हणतात. आणि थर्मामीटर नसेल तर कसं ओळखायचं?

धारदार:
धुण्याशी संबंध नाही. कोवळ्या कोंबडीची हाडं सच्छिद्र असतात, मज्जेतला रंग बाहेर झिरपतो आणि शिजल्यावर काळसर होतो. गोठवलेल्या कोंबडीत हे जास्त दिसतं. ७४ अंश झालं असेल तर खायला हरकत नाही.

उलटंही खरं आहे: मांस पांढरं दिसलं म्हणजे शिजलं असं नाही. रंगावर विसंबू नका. तुकडे लहान असतील आणि पाण्यात बुडून झाकणाखाली रटरटत अर्धा तास शिजले असतील तर ७४ अंश कधीच ओलांडलेले असतात, मात्र तुकडे गोठलेले टाकलेले नसावेत. अख्खी कोंबडी किंवा जाड तुकडे भाजायचे असतील तर थर्मामीटर घ्याच. टोक मांडीच्या सर्वात जाड भागात, आतल्या बाजूने घाला, आणि हाडाला टेकू देऊ नका, नाहीतर मांसाऐवजी हाडाचा आकडा दिसतो. दोन-तीन जागी पाहा, सर्वात कमी येईल तो आकडा धरा. आणि कच्च्या मांसात घातलेलं टोक पुन्हा घालण्याआधी साबणाने धुऊन घ्या.