सहावी ते दहावीच्या मुलांसाठी मराठी कादंबऱ्या: कोणत्या, आणि कोणत्या क्रमाने?

प्रश्न | चौथे_कपाट

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत मराठी शिकवते. आमचे ग्रंथालय म्हणजे शिक्षकांच्या खोलीतील चार लोखंडी कपाटे. त्यांतील तीन कपाटांत जुनी पाठ्यपुस्तके आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आहेत. चौथे कपाट यंदा माझ्या हाती आले असून सहावी ते दहावीच्या मुलांसाठी सुमारे पंचवीस कादंबऱ्या निवडण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. मुले बहुतेक शेतकरी कुटुंबांतील आहेत. त्यांना गोष्टी आवडतात आणि ‘किशोर’चे अंक हातोहात जातात, पण दीडशे पानांचे पुस्तक समोर ठेवले की ती चाचरतात.

गेल्या वर्षी मी स्वतःच एक चूक केली. मला दहावीच्या सुट्टीत ‘मृत्युंजय’ने वेड लावले होते, म्हणून आठवीतल्या तीन चांगल्या वाचकांना मी तेच दिले. तिघांनीही महिन्याभराने ते परत आणले, आणि ‘छान आहे, बाई’ असे म्हणताना एकही माझ्याकडे बघत नव्हता. पुस्तकातील खूण चाळिसाव्या पानाच्या आसपास अडकलेली होती.

म्हणून मला ‘अभिजात साहित्याची यादी’ नको आहे. ती कुठेही मिळते. मुलांनी खरोखर शेवटच्या पानापर्यंत वाचलेल्या कादंबऱ्या आपल्या अनुभवातून सांगाव्यात, ही विनंती. शिवाय तीन शंका आहेत. बोलीतील लेखन मुलांना अडते का? मुलींना आपलीशी वाटावी अशी नायिका कोणत्या पुस्तकात आहे? आणि मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ शाळेच्या कपाटात ठेवावी की ठेवू नये?

उत्तर १ | जुना_ग्रंथपाल

बाई, आपण चूक केली असे मी म्हणणार नाही. ती आपण सगळेच करतो. ज्या वयात आपल्याला पुस्तक आवडले त्या वयापर्यंत आपण आणखी किती वाचले होते, हे आपल्या लक्षात राहत नाही. मी सव्वीस वर्षे शालेय ग्रंथालय सांभाळले, आणि त्यातून एकच गोष्ट खात्रीने सांगू शकतो की पुस्तक कितव्या इयत्तेसाठी आहे यापेक्षा ते मुलाच्या हातातले कितवे पुस्तक आहे याला जास्त महत्त्व असते. नववीतल्या मुलाची ती पहिलीच कादंबरी असेल तर त्याला सहावीचे पुस्तक द्यावे, मात्र ते ‘लहान मुलांचे’ आहे असे चुकूनही म्हणू नये.

पहिले पुस्तक म्हणून भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ला आजही पर्याय नाही. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला हा किडकिडीत बनेश फेणे सायकलवरून संकटात शिरतो, ‘ट्टॉक्’ करतो आणि डोके चालवून बाहेर पडतो. वीस पुस्तकांची ही मालिका आहे, पण आपण सगळी घेऊ नयेत. चार-पाच घ्यावीत आणि बाकीची मुलांना मागू द्यावीत. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ त्याहून जुन्या काळातला आहे, तरी घरातली माणसे आणि त्यांचे बोलणे इतके जिवंत आहे की दोन-चार प्रकरणांनंतर जुनेपणा जाणवत नाही.

यानंतरच्या पायरीवर मी ‘पाडस’ ठेवतो, आणि आपल्या शाळेसाठी एकच पुस्तक निवडायचे झाले तर तेच निवडेन. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद आहे. अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या रानात एकाकी शेत कसणारे कुटुंब, ज्योडी नावाचा मुलगा आणि त्याने पाळलेले हरणाचे पाडस, एवढाच ऐवज. पाडस मोठे होते आणि शेतातले कोवळे पीक खाऊ लागते. कुंपण उंच केले तरी ते आत शिरते. पीक गेले तर घर उपाशी राहणार, हे वडिलांना आणि हळूहळू ज्योडीलाही कळते. शहरी शाळेत मी हे पुस्तक दिले तेव्हा मुले वडिलांवर रागावली होती. नंतर बदली होऊन खेड्यातल्या शाळेत गेलो तेव्हा तिथल्या सातवीतल्या एका मुलाने पुस्तक परत करताना मला विचारले, ‘सर, त्यांनी रात्री राखण का नाही केली?’ त्याच्या घरी रानडुकरांमुळे रोज रात्री कुणीतरी माळ्यावर जागत असे. त्या मुलाने जे वाचले ते मला पंचवीस वर्षांत दिसले नव्हते. पुस्तक जाड आहे, हे खरे. म्हणून पहिली दोन प्रकरणे आपण स्वतः वर्गात मोठ्याने वाचावीत आणि अस्वलाच्या मागावर निघण्याचा प्रसंग आला की पुस्तक मिटावे. पुढचे काम ते अस्वल करते.

आठवी-नववीसाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. पुस्तक बारीक आहे, वाक्ये छोटी आहेत. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर, त्याला सांभाळून घेणारा म्हातारा कारभारी, चोरीचा धंदा लपवून न ठेवणारा आनंदा रामोशी, गावाने मिळून उभारलेली तालीम आणि शेवटी दुष्काळात ओस पडत जाणारी वाडी हे सारे फार थोड्या शब्दांत येते. यात रूढ अर्थाने कथानक नाही, त्यामुळे साहसकथांवर वाढलेली मुले सुरुवातीला ‘पुढे काय झाले’ म्हणून अस्वस्थ होतात. पण तालमीचे बांधकाम सुरू झाले की ती रमतात.

बोलीविषयी माझे मत स्पष्ट आहे. मुलांना बोली अडत नाही, परक्या घरातली प्रमाणभाषा अडते. आनंद यादवांच्या ‘झोंबी’तले कागलचे बोलणे कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलाला आजीच्या तोंडचे वाटते, आणि विदर्भातले मूलही आठ-दहा पानांत त्याला सरावते. उलट ‘प्रासाद’, ‘उत्तरीय’, ‘विषण्ण’ अशा शब्दांची रांग लागली की हुशार मूलही पान उलटून पुढचे संवाद शोधू लागते. ‘झोंबी’ मात्र मोठी आहे आणि तिच्यातली गरिबी व मारहाण अंगावर येणारी आहे. शाळेसाठी बापाशी झगडणाऱ्या मुलाची ही कहाणी मी दहावीच्या आधी कुणालाही आख्खी दिली नाही. नववीला निवडक प्रकरणे वाचून दाखवली.

उत्तर २ | शाईची_दौत

जुना_ग्रंथपाल यांच्या उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, पण त्यांच्या यादीत एकही मुलगी नाही याकडे लक्ष वेधते. हा त्यांचा दोष नाही. आपल्या किशोरसाहित्यात सायकल बहुधा मुलाकडे असते आणि मुलगी त्याला डबा देते.

सहावी-सातवीसाठी संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ घ्यावी. तिला २०२२ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे. रोजनिशीची मांडणी असल्यामुळे एका बैठकीत किती वाचायचे हे मूल स्वतः ठरवू शकते, आणि चाचरणाऱ्या वाचकासाठी ही सोय फार मोलाची असते. माझ्या वर्गातील दोन मुलींनी ती वाचून स्वतःच्या वह्या सुरू केल्या. त्या मी वाचायला मागितल्या नाहीत.

सातवी-आठवीसाठी ‘चौघीजणी’. लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’चा हा अनुवाद शांता शेळके यांनी केला आहे, आणि मराठी इतके सहज आहे की नाताळ, भेटवस्तू, पियानो ही सारी परकी सामग्री असूनही घर ओळखीचे वाटते. लेखिका व्हायचे ठरवलेली, चिडकी आणि मनस्वी ज्यो ही मुलींना सर्वांत जवळची वाटते. पुस्तक मोठे असले तरी प्रत्येक प्रकरण स्वतंत्र गोष्टीसारखे आहे.

नववी-दहावीसाठी श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’. वयाच्या नवव्या वर्षी लग्न झालेली, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेली आणि पुढच्याच वर्षी, बाविशी गाठण्याआधी, मृत्यू पावलेली आनंदीबाई सर्वांना पाठातून माहीत असते. पाठात नसतो तो तिच्या नवऱ्याचा, गोपाळरावांचा हट्ट आणि त्यांचा हात उगारण्याचा स्वभाव. ज्या माणसामुळे ती शिकली त्याच माणसाने तिला इतके दुखवले, हे मुलींना पटत नाही आणि मुलगे त्यावर गप्प होतात. पुस्तक देण्याआधी शिक्षकाने ते वाचलेले असावे आणि नंतर बोलण्यासाठी एक तास राखून ठेवावा. ही चरित्रात्मक कादंबरी आहे, त्यामुळे तिच्यातील प्रत्येक संवाद घडलेला आहे असे मुलांनी समजू नये, हेही सांगावे लागते.

उत्तर ३ | घाटमाथा

येथे ऐतिहासिक कादंबरीचा उल्लेख टाळला गेला आहे असे दिसते. मृत्युंजयाचा अनुभव वाईट आला म्हणून तो दरवाजाच बंद करणे बरोबर नाही. आमच्या भागातली मुले दर पावसाळ्यात गडावर जातात, आणि त्यांना शिवकाळ हवाच असतो. प्रश्न जाडीचा आहे. हजार पानांच्या ऐवजी गो. नी. दांडेकरांच्या ‘बया दार उघड’, ‘हरहर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ यांसारख्या कादंबऱ्या द्याव्यात. दांडेकर स्वतः आयुष्यभर गड हिंडले, त्यामुळे त्यांच्या लेखनात वाट, पाणी आणि कडा खरे असतात. रणजित देसाईंची ‘स्वामी’ मी दहावीला देतो. माधवराव पेशव्यांचे आजारपण आणि थेऊरचा शेवट समजायला थोडे वय लागते.

त्याच्याच शेजारी अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ असायला हवी. १९५९ साली प्रसिद्ध झालेली आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली ही कादंबरी मला अनेक शालेय कपाटांत दिसत नाही, याचे आश्चर्य वाटते. वारणेकाठचा हा मांग वीर दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो आणि इंग्रज सत्तेशी भिडतो. तिचा वेग असा आहे की वाचनाचा कंटाळा करणारे मुलगेही थांबत नाहीत. इतिहासाची पुस्तके राजांची असतात अशी समजूत झालेल्या मुलांना ही कादंबरी वाचल्यावर गावातली दुसरी आळी दिसू लागते.

विज्ञानाची ओढ असलेल्यांसाठी जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’. अतिप्राचीन, प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेला ठेवा उत्खननात सापडतो आणि त्यावरून यंत्रमानव घडवला जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आज जे बोलले जाते ते ऐकलेल्या मुलांना ती जुनी वाटत नाही. दहावीतल्या, अभियंता व्हायचे म्हणणाऱ्या मुलाला प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंगढांग’ द्यावी. हिमालयात रस्ता बांधणाऱ्या तरुण अभियंत्याच्या मनातील योग्य-अयोग्य आणि लष्करी शिस्त यांचा झगडा तिच्यात आहे. मी ती एका विद्यार्थ्याला दिली होती. ती परत आली नाही, आणि मी मागितलीही नाही.

उत्तर ४ | शेवटचा_बाक

‘शाळा’विषयी कुणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, वर्गातल्या शिरोडकर या मुलीवरचे त्याचे न बोललेले प्रेम आणि शिक्षकांविषयीची मुलांची खरी भाषा हे सारे त्यात आहे. शिव्या आहेत, पण त्या वर्गात रोज ऐकू येतात त्याहून जास्त नाहीत. नववी-दहावीच्या खणात ती अवश्य ठेवावी. सहावीच्या मुलाच्या हाती पडू नये एवढी काळजी पुरे.

मात्र एक विरोधी मतही नोंदवतो. या कादंबरीवर जीव टाकणारे बहुतेक वाचक चाळिशीच्या पुढचे असतात, कारण त्यांना स्वतःची शाळा आठवते. माझ्या पुतण्याने ती वाचून विचारले की तो तिच्याशी सरळ बोलत का नाही. ज्या वयात एका कटाक्षासाठी महिनाभर थांबावे लागत असे, ते वय मोबाइलच्या पिढीला समजावून सांगावे लागते. त्यापेक्षा प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ त्याला जास्त भावला. त्यातल्या कथा सुट्या असल्या तरी त्यांचा छोटा नायक लंपन एकच आहे, आणि त्याचे ‘मॅड’ हे विशेषण आमच्या घरात महिनाभर चालू होते. सीमाभागातले कानडी शब्द त्याला कुठेही अडले नाहीत.

प्रश्नकर्तीचे उत्तर | चौथे_कपाट

सर्वांचे मनापासून आभार. आता पंचवीस वेगवेगळी पुस्तके घेण्याचा विचार मी सोडला आहे. ‘पाडस’, ‘बनगरवाडी’ आणि ‘फकिरा’ यांच्या तीन-तीन प्रती घेईन, म्हणजे दोन-तीन मुले एकाच वेळी वाचून आपसांत बोलू शकतील, बाकीची एकेक. ‘शाळा’ नववीच्या खणात जाईल. मुख्याध्यापकांना ती आधी वाचायला देणार आहे, त्यांनीही बहुधा वाचलेली असेल. ‘पाडस’चे मोठ्याने वाचन दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करते.

एक शेवटची शंका राहिली. ‘गोट्या’चे तीन भाग आहेत असे दुकानदाराने सांगितले. आधी पहिलाच घेऊन मुलांचा कल पाहावा का?

उत्तर ५ | जुना_ग्रंथपाल

तिन्ही एकदम घ्यावेत. मूल पहिला भाग शुक्रवारी परत करते आणि दुसरा त्याच क्षणी मागते. ‘पुढच्या अनुदानात घेऊ’ असे मी एका मुलीला म्हणालो होतो. अनुदान आले तोवर ती दहावी होऊन गेली होती.