‘एमॅन्सिपेशन’: स्त्रीमुक्ती, स्त्रीउद्धार की दास्यमुक्ती?

प्रश्न: आयर्लंडमधल्या कॉर्कचा विल्यम थॉम्पसन आणि टिपररीची अ‍ॅना व्हीलर यांच्या १८२५च्या ‘अपील’वर, म्हणजे स्त्रियांना गुलामगिरीत ठेवू पाहणाऱ्या पुरुषांविरुद्धच्या पुस्तकावर, मराठीत लिहायचंय. ‘एमॅन्सिपेशन’ला कोणता शब्द बरा?

– ‘उद्धार’ नको. उद्धार दुसरा कुणीतरी करतो. ब्रिटिश विचारवंत जेम्स मिलचं म्हणणं होतं की बायकांचं हित बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या हितात आलंच, वेगळा मताधिकार कशाला? ‘अपील’ हे त्यालाच उत्तर आहे. उद्धार म्हटलंत की मिल मागच्या दाराने परत आला. ‘मुक्ती’ चालेल, पण तिला मोक्षाचा वास आहे. माझं मत ‘दास्यमुक्ती’ला.

– व्युत्पत्तीही तेच सांगते. ‘एमॅन्सिपेशन’च्या मुळाशी लॅटिन ‘मानुस’ आहे, म्हणजे हात, आणि नवऱ्याचा बायकोवरचा ताबाही. बापाच्या ताब्यातून सुटायला रोममध्ये मुलाची तीनदा लुटुपुटीची विक्री व्हायची, मुलीची एकदाच. (आपल्या पाणिग्रहणातही हातच धरतात!)

– पुस्तकाच्या शीर्षकात चूक होते ती ‘देन्स’ (thence, ‘त्यातूनच’) गाळल्याने. ‘राजकीय, नागरी आणि घरगुती गुलामगिरी’ अशी यादी नाही ती. ‘राजकीय, आणि त्यातूनच नागरी व घरातली’ असं हवं. मताधिकार नाही म्हणून कायदा विरोधात, कायदा विरोधात म्हणून घरात नवऱ्याचं राज्य. ‘घरगुती’ही टाळा, लोणचं आठवतं.

– ‘को-ऑपरेशन’ला नुसतं ‘सहकार’ लिहू नका, मराठी वाचकाला साखर कारखाना दिसेल. ‘परस्पर सहकार्याची वसाहत’ म्हणा, आणि समोर ‘स्पर्धा’ ठेवा. सगळा युक्तिवाद या जोडीवर उभा आहे. कायदे समान केले तरी स्पर्धेच्या बाजारात गरोदरपण, बाळंतपण, मुलांचं संगोपन यांत गेलेला वेळ बाईच्याच खात्यावर पडतो. म्हणून संगोपनाचा भार सर्वांनी मिळून उचलणारी वसाहत. हा दुवा सुटला तर स्त्रीप्रश्न आणि समाजवाद शेजारीशेजारी ठेवल्यासारखे दिसतात, जोडलेले नाही.

प्रश्न: मग थॉम्पसनला ‘समाजवादी’ म्हणावं का?

– म्हणा, पण ते बिरुद मागाहूनचं. ‘पहिला आयरिश समाजवादी’ हे आयरिश समाजवादी नेता जेम्स कॉनलीने १९१०मध्ये म्हटलं. १८२५च्या संदर्भात ‘ओवेनवादी’ (सहकारी वसाहतींचा पुरस्कर्ता रॉबर्ट ओवेन याच्या विचारांचा) किंवा ‘सहकार्यवादी’ लिहा.

– आणि ‘थॉम्पसनचं पुस्तक’ लिहू नका. मुखपृष्ठावर नाव त्याचं एकट्याचं असलं, तरी व्हीलरला उद्देशून लिहिलेल्या प्रास्ताविक पत्रात तो स्वतःला तिच्या विचारांचा लेखनिक आणि दुभाषा म्हणवतो. ‘थॉम्पसन-व्हीलर’ लिहा.