हौशी फुटबॉलमधली हाणामारी : प्रशिक्षण सक्तीचं करावं का?

मधली रेषा (धागाकर्ता)

हौशी लीगमध्ये मारामारी झाली की पुढचं ठरलेलं असतं. लाल कार्ड, चार-पाच सामन्यांची बंदी, संघाला दंड. हे सगळं ठोसा बसून गेल्यावरचं. माझा प्रस्ताव असा: प्रत्येक संघाचा कप्तान, प्रशिक्षक आणि टचलाइनवरचा (मैदानाच्या कडेच्या रेषेवरचा) एक जबाबदार माणूस, या तिघांनी तीन तासांचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय संघाची नोंदणीच करू नये. त्यातले निदान दोन तास मैदानावर, कवायतीत.

कवायत कशाची, तर पहिल्या दहा सेकंदांची. दोन खेळाडू एकमेकांच्या अंगावर गेले की बाकीचे धावत येतात, आणि दोघांचं भांडण वीसजणांचं होतं. येणाऱ्यांपैकी बहुतेकजण सोडवायलाच आलेले असतात, पण समोरच्या संघाला ते चाल करून आल्यासारखे दिसतात. म्हणून कामं आधीच वाटलेली हवीत. कप्तान आणि ठरवलेला आणखी एक खेळाडू, एवढेच दोघे पुढे जाणार. बाकीचे आपापल्या पेनल्टी बॉक्सकडे चालत निघणार. गोलकीपर जागा सोडणार नाही. प्रशिक्षकाचं काम एकच, बाकावरचा एकही माणूस मैदानात जाऊ न देणं.

आवरायचं ते फक्त आपल्याच खेळाडूला. विरोधी खेळाडूला चांगल्या हेतूने हात लावला तरी तो हल्लाच वाटतो. आपल्या माणसालाही मागून मिठी मारून धरायचं नाही. त्याचे हात अडकतात, समोरून फटका आला तर त्याला चुकवता येत नाही, आणि कोणी धरलंय हे न कळल्यामुळे तो आणखी झटापट करतो. बाजूने, त्याला दिसेल असं जायचं, नाव घ्यायचं, उघडा तळहात छातीवर ठेवायचा आणि त्याला आपल्या गोलकडे वळवायचं. हे वाचून येत नाही. दहा-बारा वेळा करूनच येतं.

डावा बॅक

असहमत. मारणाऱ्याला मारू नये हे माहीत नसतं असं थोडंच आहे? सक्तीचं प्रशिक्षण म्हणजे हजेरीपट, प्रमाणपत्र आणि फाइल. बहुतेक लीगमध्ये त्रास देणारे संघ आणि खेळाडू मोजकेच असतात आणि ते सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्यासाठी शंभर कप्तानांचा रविवार का घालवायचा?

संघाला झळ बसली की संघ स्वतःच त्या माणसाला बाहेर ठेवतो. पहिल्या घटनेला लेखी ताकीद, त्याच हंगामात दुसऱ्या घटनेला तीन गुण वजा, तिसऱ्याला स्पर्धेबाहेर. नियमांचा रोखही जबाबदारी टाकण्याकडेच आहे. २०१९ पासून प्रशिक्षकालाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं, आणि टेक्निकल एरियातला (बाकासमोरच्या आखलेल्या जागेतला) दोषी ओळखता आला नाही तर कार्ड तिथल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाच्या नावावर चढतं. हे आधी कडकपणे राबवा.

शिट्टी

दोघंही भांडण सुरू झाल्यानंतरचं बोलताय. ते बहुतेकदा वीस मिनिटं आधी सुरू झालेलं असतं. उशिरा आलेल्या एका टॅकलवर शिट्टी वाजली नाही, पाडला गेलेला खेळाडू ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या संधीला हिशेब चुकता करतो. रेफ्रीच्या प्रशिक्षणात हे सगळ्यात आधी यायला हवं. तापलेल्या सामन्यात ॲडव्हान्टेज देऊ नका, म्हणजे फाउल होऊनही खेळ चालू ठेवू नका. चेंडू पुढे गेला, रेफ्रीही चेंडूमागे गेला आणि मागे दोघे एकटे उरले, की तिथेच लाथ बसते. शिट्टी लगेच, फाउलच्या जागी धावत जाणं लगेच.

ठिणगी पडायच्या जागाही ठरलेल्या आहेत. गोल झाल्यावर जाळीतला चेंडू कोणी उचलायचा यावरची ओढाताण. कॉर्नरआधीची ढकलाढकली. दोन्ही बाकांसमोरचा थ्रो-इन. मोठ्या फरकाने हरत असताना शेवटची दहा मिनिटं. रेफ्री तिथे शिट्टीच्या आधी पोचलेला हवा.

आणि घोळका जमलाच तर मध्ये शिरायचं नाही. दहा-पंधरा मीटर मागे, सगळे दिसतील असं उभं राहायचं. लाइनमननी मैदान वाटून घ्यायचं. पहिला फटका कोणाचा आणि भांडणाशी संबंध नसलेला तिसरा कोण घुसला, हे दोन नंबर आधी लिहायचे. कार्डं सगळं शांत झाल्यावर. घोळक्यात कार्ड काढलं की गर्दी रेफ्रीकडे वळते.

डावा बॅक

@शिट्टी, हे पटलं. पण यात माझंच म्हणणं पक्कं होतं. वेळेवर दिलेली शिक्षा काम करते. इंग्लंडमध्ये रेफ्रीशी हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटं बाहेर बसवण्याची चाचणी ३१ लीगमध्ये झाली. हुज्जतीचे प्रकार ३८ टक्क्यांनी घटले आणि २०१९-२० पासून नियम तळाच्या फुटबॉलमध्ये सर्वत्र लागू झाला. कोणालाही वर्गात बसवावं लागलं नाही.

शिट्टी

तो नियम तोंडाळपणासाठी आहे, हातापायीसाठी नाही. मारणाऱ्याला थेट लाल कार्डच. शिवाय तो चालवायलाही शिकावं लागतं. दहा मिनिटं खेळाडू बाहेर गेल्यापासून नव्हे, खेळ पुन्हा सुरू झाल्यापासून मोजायची. त्या काळात त्याच्या जागी बदली खेळाडू नाही. परत येताना रेफ्रीची परवानगी हवी. लाइनमन नसलेल्या सामन्यात एकटा रेफ्री दोघा-तिघांच्या वेळा सांभाळताना चुकतो आणि त्या चुकीवरूनच नवा वाद उभा राहतो.

राखीव गोली

आणखी एक मुद्दा. हल्ली सामना थांबवून शांत होण्याची सुट्टी द्या म्हणतात. त्याला माझा विरोध आहे. पाच मिनिटं मोकळ्या उभ्या राहिलेल्या संघाचा राग वाढतो, आणि हरणारा संघ लय तोडायला मुद्दाम गोंधळ घालेल.

मधली रेषा

@राखीव गोली, सुट्टी नुसती मोकळी ठेवली तर तुम्ही म्हणता तेच होईल. जर्मनीत २०२४-२५ च्या हंगामापासून हौशी फुटबॉलमध्ये अशा सुट्टीची ठरलेली रचना आहे. रेफ्रीने खूण केली की दोन्ही संघ आपापल्या पेनल्टी बॉक्समध्ये जातात. म्हणजे मध्ये जवळजवळ अख्खं मैदान मोकळं. कप्तान आणि प्रशिक्षक मधल्या वर्तुळात रेफ्रीकडे येतात, कारण ऐकतात आणि परत जाऊन आपल्या संघाला सांगतात. असं जास्तीत जास्त दोनदा. तिसऱ्यांदा वेळ आली तर सामना रद्द. खरं शांत करणारी गोष्ट अंतर आहे, मिनिटं नव्हेत.

राखीव गोली

अंतराचं मान्य. पण मग ४-० ने हरणारा संघ तिसऱ्या सुट्टीचीच वाट बघेल ना?

मधली रेषा

म्हणून रद्द सामना आपोआप पुन्हा खेळवायचा नाही. निकाल रेफ्रीच्या अहवालावरून शिस्त समितीने द्यायचा. आणि अहवालात “हिंसक वर्तन” एवढंच लिहिलेलं चालत नाही. मिनिट, नंबर, कोणत्या हाताने, शरीराच्या कुठल्या भागावर, तेव्हा चेंडू कुठे होता, तोंडचे शब्द जसेच्या तसे. हे नसलं की सुनावणीत एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द उरतो आणि डावा बॅक यांची गुणकपात टिकत नाही.

टचलाइन

मुलांच्या सामन्यांचं कोणीच बोललं नाही. तिथे पेटवणारे खेळाडू नसतात, कडेचे मोठे असतात. सगळ्या पालकांना तीन तास बसवणं शक्य नाही, दूर ठेवणं शक्य आहे. रेषेपासून दोन मीटरवर दोरी, प्रेक्षक एका बाजूला, दोन्ही बाक समोरच्या बाजूला. जर्मनीतल्या फेअर प्ले लीगमध्ये लहान मुलं रेफ्रीशिवाय खेळतात, पालक साधारण १५ मीटर मागे असतात आणि दोन्ही प्रशिक्षक एकाच जागेत शेजारी उभे राहतात. शेजारी उभ्या माणसावर ओरडणं अवघड जातं.

पंधरा-सोळा वर्षांचे रेफ्री तर आणखी एकटे असतात. त्यांच्या सामन्याला यजमान क्लबचा एक प्रौढ सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्यासोबत हवाच. यावर चर्चा कसली करायची?

प्रथमोपचार

सामना संपल्यानंतरची पंधरा मिनिटं सगळ्यांच्या यादीतून सुटली आहेत. डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या अल्मेरे इथे मुलांच्या सामन्यात लाइनमनचं काम करणाऱ्या स्वयंसेवकाला मारहाण झाली ती सामना संपल्यावर. ते त्यानंतर आपल्या पायांवर चालत होते, काही तासांनी कोसळले आणि दुसऱ्या दिवशी वारले. त्यानंतरच्या शनिवार-रविवारी तिथले सगळे हौशी सामने रद्द केले गेले.

यातून दोन गोष्टी प्रशिक्षणात याव्यात. शेवटच्या शिट्टीनंतर रेफ्री आणि लाइनमन मधल्या वर्तुळात एकत्र थांबतील. पाहुणा संघ आधी बाहेर, यजमान नंतर, रेफ्री सर्वांत शेवटी आणि पार्किंगपर्यंत सोबतीने. दुसरी, डोक्याला किंवा मानेला मार बसलेला माणूस “मी ठीक आहे” म्हणाला तरी त्याला एकटं सोडायचं नाही. गाडी चालवू द्यायची नाही, पुढच्या सामन्याला उभं करायचं नाही. मान दुखणं, उलटी, वाढती डोकेदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं, झापड, एक बाजू बधिर होणं, यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब रुग्णवाहिका. मान दुखत असेल तर हलवायचं नाही, डोकं आहे त्या स्थितीत स्थिर धरायचं. मैदानाचा नेमका पत्ता आणि गाडी आत येण्याचं फाटक कागदावर लिहून दोन्ही बाकांवर चिकटवलेलं हवं. फोनवर “फुटबॉलचं मैदान” सांगत बसण्यात वेळ जातो.

डावा बॅक

हे वाचून माझा विरोध थोडा मवाळ करतो. सुरक्षिततेचा भाग सक्तीचा असावा, मान्य. पण तिसरा माणूस आणायचा कुठून? कित्येक संघ जेमतेम तेराजण जमवतात. तो नाही म्हणून नोंदणी नाकारली तर संघच बंद पडतील, आणि गुंडगिरी न करणारे छोटे संघ आधी बंद पडतील.

मधली रेषा

रास्त आहे. छोट्या संघांत टचलाइनचं काम बदली खेळाडूने जाकीट घालून करावं. तो मैदानात उतरला की जाकीट बाहेर आलेल्याकडे जाईल, आणि ते कोणाकडे आहे हे रेफ्रीला सामन्याआधी सांगायचं. मग प्रशिक्षण तिघांऐवजी पाच-सहाजणांना द्यावं लागेल. म्हणून वर्गातला तास काढून टाकू. दोन तास, सगळे मैदानावर, आणि त्यातली शेवटची वीस मिनिटं डोक्याच्या दुखापतीसाठी. गुणकपातीचा नियम सोबत लिहू, पण ती लागू होईल ती प्रशिक्षणाला न आलेल्या संघाला पहिल्या घटनेपासून आणि आलेल्या संघाला दुसऱ्यापासून. @डावा बॅक, या रूपात पाठिंबा द्याल का?

डावा बॅक

बाकावरून धावत आत घुसलेल्यांसाठी पहिल्या घटनेपासूनच ठेवा, प्रशिक्षण घेतलेलं असो वा नसो. तेवढं बदललंत तर देईन.