‘स्लॅम डंक’मध्ये एवढे काय आहे?

अनवट (प्रश्न)
नमस्कार. ऑक्टोबर १९९३ ते मार्च १९९६ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या ‘स्लॅम डंक’ या बास्केटबॉलवरील अ‍ॅनिमेच्या (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेच्या) १०१ भागांपैकी पहिले वीस मी पाहिले. कानागावा प्रांतातील शोहोकू हायस्कूलचा संघ आवडला, लाल केसांचा दांडगट साकुरागी हानामिचीही आवडला. परंतु मारामाऱ्या आणि विनोदी प्रसंगांत बराच वेळ जातो, आणि सामना सुरू झाला की एकेक चेंडू जाळीपर्यंत पोहोचायला फार वेळ घेतो. तीस वर्षांनंतरही लोक या मालिकेविषयी इतक्या जिव्हाळ्याने का बोलतात, हे कोणी समजावून सांगाल का?

कोपऱ्यातला टप्पा
माझ्या मते याचे उत्तर तुम्ही पाहिलेल्या भागांतच आहे. साकुरागी संघात येतो तो खेळाच्या ओढीने नव्हे, तर त्याला आवडणाऱ्या हारुकोने विचारले म्हणून. आल्याबरोबर त्याला डंक मारायचा असतो, म्हणजे उंच उडी घेऊन चेंडू वरून थेट जाळीत घालायचा असतो. प्रत्यक्षात त्याला मैदानाच्या एका कोपऱ्यात नुसते टप्पे मारत बसावे लागते, त्याला वैतागून तो एकदा संघ सोडूनही जातो. पुढे ले-अप (धावत येऊन जाळीजवळून चेंडू टाकणे) शिकताना चेंडू फेकायचा नसतो, उंच उडी घेऊन तो वर अलगद ठेवून यायचा असतो, हे हारुकोच्या सांगण्यावरून त्याच्या डोक्यात शिरते, आणि ते हाताला जमेपर्यंत तो एकटा सराव करत राहतो. मी शाळेच्या संघात खेळलो आहे. चेंडू फळीवर आपटून परत अंगावर येण्याचा तो अनुभव मला पुरता ठाऊक आहे. नियम न कळल्यामुळे साकुरागी पाच फाउल करून सामन्यामागून सामन्यात बाहेर बसतो, यातही लेखकाने त्याला सूट दिलेली नाही. मूळ मांगाचे (जपानी चित्रकथेचे) लेखक-चित्रकार ताकेहिको इनोउए शाळेत असताना स्वतः बास्केटबॉल खेळत असत, आणि नवशिक्याच्या चुका त्यांनी किती जवळून पाहिल्या होत्या, हे पानोपानी जाणवते.

सहावा गडी
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण माझा जीव गुंतला तो मित्सुईमध्ये. माध्यमिक शाळेत प्रांतातला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला हा मुलगा गुडघ्याच्या दुखापतीनंतर टवाळखोरांच्या टोळीत जातो, संघ उद्ध्वस्त करायला साथीदारांसह जिममध्ये शिरतो, आणि प्रशिक्षक आन्झाई दारात दिसताच मला बास्केटबॉल खेळायचे आहे असे म्हणत ढसाढसा रडतो. हा प्रसंग प्रसिद्धच आहे. मला मात्र र्योनान या प्रतिस्पर्धी संघाविरुद्धच्या सामन्यातला त्याच्यानंतरचा मित्सुई अधिक आठवतो. दमून कोसळल्यावर तो मैदानाबाहेर बसलेला असतो, हातात पेयाचा डबा असतो आणि तो उघडण्याइतकेही बळ बोटांत नसते. वाया घालवलेली वर्षे त्याला तिथे टोचतात. त्याच्या जागी उतरलेला चष्मेवाला कोगुरे हा तीन वर्षे राखीव म्हणून राबलेला खेळाडू आहे. त्याला मोकळे सोडले तरी चालेल असा र्योनानच्या प्रशिक्षकांचा हिशेब असतो, आणि तोच निर्णायक तीन गुणांचा फटका मारतो. यानेही तीन वर्षे घाम गाळला आहे हे आपण विसरायला नको होते, अशी कबुली ते प्रशिक्षक मनाशी देतात. प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून एका राखीव खेळाडूला मिळालेला हा मान मला फार मोलाचा वाटतो.

अनवट
दोघांचे मनःपूर्वक आभार. तरीही संथपणाचे काय?

कोपऱ्यातला टप्पा
तो दोष खरा आहे आणि तो मला मान्य आहे. काही सामने निष्कारण ताणले आहेत. पण काइनान संघाविरुद्धचा सामना पाहताना वेळेची तक्रार करू नका. दोन गुणांची पिछाडी असताना अखेरच्या क्षणी रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) साकुरागीच्या हाती येतो आणि तो आपला कर्णधार आकागी समजून नेमका काइनानच्या खेळाडूकडे पास देतो. पराभवाला आपणच कारणीभूत असल्याच्या भावनेने तो डोके भादरून येतो, आणि त्या तुळतुळीत डोक्यानेच पुढचे सामने खेळतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो: अ‍ॅनिमे राष्ट्रीय स्पर्धेआधीच थांबते. त्या स्पर्धेतला सान्नो संघाविरुद्धचा सामना ३१ खंडांच्या मांगाच्या शेवटच्या भागात आहे. इनोउए यांनीच दिग्दर्शित केलेल्या २०२२च्या चित्रपटात तोच सामना शोहोकूच्याच मियागी या खेळाडूच्या नजरेतून येतो. त्यामुळे चित्रपट शेवटी पाहा, नाहीतर मित्सुईची ओळख होण्याआधीच तुम्ही त्याला दमलेला पाहाल.