खंबायतची खाडी की आखात? आणि त्यातला ‘खंब’ कुठला?

प्रश्न : सुट्टीत मुलांना घेऊन बडोद्याहून कावी-कंबोईला जायचंय, स्तंभेश्वराच्या शिवमंदिरात. घरात कोणी ‘खंबायतची खाडी’ म्हणतं, कोणी ‘आखात’. बरोबर काय? आणि नावातला ‘खंब’ कुठला?

उत्तर : आखातच म्हणा. ‘खाडी’ आपल्या तोंडी बसली ती हिंदीच्या ‘खंभात की खाडी’मुळे. मराठीत भरतीचं पाणी आत शिरतं ते नदीचं मुख म्हणजे खाडी, ठाण्याची, वसईची. म्हणजे मही नदी समुद्राला मिळते तिथे खाडी, आणि ती उघडते ते आखात. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात माणसांनी खणलेलं तळं ते ‘खात’, आपोआप झालेलं ते ‘अखात’ किंवा ‘देवखात’. माझ्या मते आपलं आखात तिथूनच आलं. गुजरातीत तर अजूनही ‘अखात’च म्हणतात.

आता खंब. खंबायत हे शहर म्हणजे जुनं स्तंभतीर्थ. स्कंदपुराणाच्या कौमारिका खंडात कथा आहे : कार्तिकेयानं तारकासुराला मारलं, पण तो शिवभक्त निघाला म्हणून मन खाऊ लागलं. मग महीसागर संगमावर त्यानं शिवलिंगं स्थापली, विजयाचा स्तंभ उभा राहिला आणि त्यापाशी स्तंभेश्वर. ‘स्तंभ’चा प्राकृतात ‘खंभ’ही होतो, ‘थंभ’ही, जैन आचार्य हेमचंद्रांनी आपल्या व्याकरणात दोन्ही रूपं दिली आहेत. (त्यांची दीक्षा खंबायतलाच झाली, असं जैन प्रबंध सांगतात.) मराठीत दोन्ही नांदतात : एकाचा खांब, दुसऱ्याचं थांबणं.

आणखी एक : संस्कृतात स्तंभ म्हणजे ताठाही. त्याच पुराणात या तीर्थाला गर्व झाला म्हणून शाप मिळाल्याची कथा आहे, आणि स्तंभतीर्थ हे नाव त्या ताठ्याशीही जोडलंय. मला ही कथा जास्त आवडते. मंदिरात उभं राहिलं की पटते : भरतीला गढूळ पाणी पायऱ्या चढतं, बघता बघता लिंग बुडतं, ओहोटी लागली की आधी माथा दिसतो, मग गाळानं माखलेली शाळुंका. दिवसातून दोनदा.

प्रश्न : मग जायचं कधी?

उत्तर : बडोद्याहून अंतर साधारण 75 किलोमीटर, जंबुसरवरून. निघण्याआधी त्या दिवसाची ‘ओट’ कितीला ते विचारा. तिकडे ओहोटीला हाच शब्द. वेळ रोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते, कालची आज चालत नाही. आखात आत निमुळतं होत गेल्यानं पाणी फार उंच चढतं, तेव्हा भरती सुरू झाली की मुलांना घेऊन खाली थांबू नका.