हजसाठी साठवलेले पैसे लेकीच्या फीला दिले. उद्दिष्टांचा क्रम चुकला का?

वहीवाली (धागाकर्ती)

अस्सलामु अलैकुम, आणि सर्वांना नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यात एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. मिस्टर पंधरा वर्षं कुवेतला होते, आता इथंच टेम्पो चालवतात. दरवर्षी मोहरमचा चांद दिसला की मी एका वहीत पुढच्या वर्षाचं लिहायला बसते. जकात (बचतीतून द्यायचं बंधनकारक दान) हिजरी, म्हणजे चांद्र वर्षावर मोजायची असते आणि ते वर्ष अकराएक दिवसांनी लहान, म्हणून सगळाच हिशेब मी त्याच वर्षाला बांधला आहे. वहीत तीन रकाने: निय्यत (मनातला संकल्प), रक्कम, कधीपर्यंत. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे इन्शाअल्लाह लिहिते. उद्या मी हे करीनच असं अल्लाहची मर्जी जोडल्याशिवाय म्हणू नका, असं कुराणातल्या सूरह कहफमध्ये सांगितलं आहे. पण म्हणून उद्याचं काही ठरवूच नका, असं कुठंही सांगितलेलं नाही.

या वहीत नऊ वर्षं पहिली ओळ एकच होती: आम्हा दोघांचा हज, 2027. कुवेतच्या पगारातून, मग भिशीतून, थोडं थोडं करत साडेसात लाख जमले. मागच्या वर्षी त्यावर 18,750 रुपये जकातही दिली.

यंदा लेकीचं शासकीय कॉलेज थोडक्यात हुकलं. खासगी कॉलेजात बी.फार्म.ला नंबर लागला. फी, हॉस्टेल, मेस धरून वर्षाला पावणेदोन लाख, अशी चार वर्षं. शैक्षणिक कर्ज म्हणजे व्याज, ते आम्हाला नको होतं. दोन वर्षांचे साडेतीन लाख हजच्या पैशांतून काढले. वहीत 2027 खोडून 2031 लिहिलं.

मामू घरी आले होते. म्हणाले, "अल्लाहच्या घरचे पैसे दुनियेला लावलेस." त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी निय्यत बदललेली नाही, फक्त क्रम बदलला, असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

सोलापूरचा भाई

वालेकुम अस्सलाम, आपा. तुमचं मन दुखवायचं नाही, पण तुमचे मामू बरोबर आहेत.

हज इस्लामच्या पाच अरकानांपैकी, म्हणजे स्तंभांपैकी, एक. जाण्यायेण्याचा खर्च आणि मागे घरच्यांचं पोटपाणी, एवढी ऐपत झाली की तो फर्ज, म्हणजे बंधनकारक, होतो. तुमच्या वहीतल्या साडेसात लाखांनी तुमच्यावर फर्ज आणून ठेवलं. ते आता उद्दिष्ट राहिलेलं नाही, देणं झालं आहे, आणि देण्याची तारीख आपण आपल्या सोयीनं खोडत नाही.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. माझे अब्बा यंत्रमागावर होते. 2009 साली त्यांच्याकडे हजचे पैसे तयार होते. त्याच वर्षी मला डिप्लोमाला घातलं. "पुढच्या वर्षी जाऊ," म्हणाले. मग बहिणीचं लग्न, मग छपराची दुरुस्ती. 2016 ला ते वारले. मी नोकरीला लागल्यावर त्यांच्या नावानं हजे-बदल (दुसऱ्याच्या वतीनं केलेला हज) करून घेतला. पण काबा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नाही, आणि ते माझ्या फीमुळं. तुमच्या मुलीच्या खांद्यावर उद्या हे ओझं येऊ नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

बाणकोटची खाडी

भाई, तुमच्या अब्बांसाठी दुआ. पण एक गोष्ट सुटते आहे. तुम्ही हनफी आहात, आपा कोकणातल्या, म्हणजे बहुतेक शाफई. हे धर्मशास्त्राचे दोन मसलक (पंथ), आणि हजच्या बाबतीत इथंच त्यांच्यात फरक आहे.

हनफींकडे प्रबळ मत असं की ऐपत झाली की त्याच वर्षी जावं, विनाकारण लांबवणं गुन्हा. शाफई मतानुसार हज फर्ज होतो, पण मन पक्कं असेल आणि पुढं ऐपत किंवा तब्येत जाईल अशी भीती नसेल, तर तो नंतर केला तरी चालतो. त्यांची दलील अशी की हजचा हुकूम हिजरी सन 6 मध्ये आला, मक्का सन 8 मध्ये ताब्यात आली, आणि पैगंबरसाहेबांनी (स.) हज केला सन 10 मध्ये. हुकूम सन 9 चा मानणारे लोक हे मान्य करत नाहीत, तो वाद जुना आहे. पण आपांनी काही हराम केलं, असं त्यांच्या मसलकात तरी कुणी म्हणू शकत नाही.

सोलापूरचा भाई

फरक मला माहीत आहे. पण तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्याच शाफई उलेमांनी असंही म्हटलं आहे की लांबवणारा हज न करता वारला, तर तो गुन्हेगार ठरतो. म्हणजे सवलत आहे, पण ती स्वतःच्या जोखमीवर. 2031 पर्यंतची हमी कुणी दिली आहे?

रोजचं पान

मला मूळ वहीबद्दलच बोलायचं आहे. निय्यत, रक्कम, कधीपर्यंत. आपा, हे रकाने मला कंपनीच्या टार्गेटसारखे वाटतात. इबादतीला तारीख लावली की मन तारखेकडं पळतं.

मी स्वतः तीन रमजान असे घालवले. रोज कुराणाचा एक पारा (तिसावा भाग), महिन्यात खत्म, भिंतीवर तक्ता, रोज खूण. तिसऱ्या वर्षी एका रात्री लक्षात आलं की दोन पानं वाचून झाली आणि मी फक्त उरलेली पानं मोजत होते. काय वाचलं ते एका ओळीचंही आठवेना. तक्ता काढून टाकला. आता फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर एकच पान, अर्थासकट. पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत आयेशांनी सांगितलेली हदीस (पैगंबरसाहेबांचं वचन) आहे: अल्लाहला सर्वांत प्रिय अमल (कृती) तो, जो नेमानं होतो, थोडा का असेना.

सूरह हश्रमध्ये प्रत्येकानं उद्यासाठी काय पुढं पाठवलं ते पाहावं असं आहे, त्यातला उद्या म्हणजे आखिरत, मरणानंतरचं जीवन. आपण त्याचा अर्थ पुढचं आर्थिक वर्ष असा करायला लागलो, याची मला काळजी वाटते.

वहीवाली

तुमचा रमजानचा अनुभव वाचून थांबले. कुराणाच्या पानांना मी कधी रकाना केलेला नाही, आणि करू नये हे पटलं.

पण पैशाचं वेगळं आहे हो. आमच्या वाडीत तवक्कुल (अल्लाहवरचा भरवसा) हा शब्द बहुतेक वेळा आळसाच्या जागी वापरला जातो. मुलगा दहावीत तीनदा नापास झाला, तकदीर. दुबईहून आलेला पैसा मोठ्या गेटवर आणि मार्बलवर गेला, तकदीर. अल्लाहवर भरवसा ठेवू की उंट बांधू, असं विचारणाऱ्याला पैगंबरसाहेबांनी आधी बांध, मग भरवसा ठेव असं सांगितलं. माझी वही म्हणजे ती दोरी आहे. ती नसती तर साडेसात लाख जमलेच नसते, आणि आज आपण हा वादही करत नसतो.

विवेकी पुणेकर

मी जन्मानं मुस्लिम नाही, पण प्रामाणिकपणे लिहितो. मुलीचं शिक्षण की तीर्थयात्रा, यात प्रश्न तरी काय आहे? शिक्षण! त्यासाठी हदीस आणि मसलक कशाला हवेत? 1966 मध्ये समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला, तेव्हा त्यांनी नागरिक म्हणून हक्क मागितला होता, धर्माची परवानगी नाही. साठ वर्षांनी आपण पुन्हा परवानगीवर का आलो?

मुंब्र्याहून

दादा, तुमची कळकळ कळते आणि त्या सात जणींचं धाडस मीही मानते. पण आपांनी परवानगी मागितलेली नाही. पैसे त्यांनी आधीच भरले आहेत. त्या विचारतात की अल्लाहसमोर माझा हिशेब नीट बसतो का. तुम्ही म्हणता तो प्रश्नच काढून टाका. तो काढला तर त्यांच्या आयुष्यातलं पहिलं पानच फाटतं. ज्या बाईनं हजची निय्यत करून नऊ वर्षं भिशी भरली, तिनं तीच निय्यत लेकीच्या फीला का लावू नये? अमल निय्यतीवर असतात, ही हदीस आम्ही लहानपणी सगळ्यांत आधी शिकतो. त्या मुलीनं रास्त औषध रास्त भावात लोकांना द्यावं म्हणून फी भरली असेल, तर ते पैसे दुनियेला लागले असं मी म्हणणार नाही.

आणि सोलापूरच्या भाईंना एक विचारायचं आहे. मुलीच्या लग्नासाठी हज लांबवणारे आपल्याकडं घरटी सापडतात. "मुली उजवल्या की मग हज" हे तर म्हणच झालं आहे. मुलीचं लग्न बाकी असणं हा फिक्हमध्ये (धर्मशास्त्रात) हज माफ व्हायचा निकष नाही, तरी हॉल, जेवणावळ, सोनं, जावयाची गाडी यांसाठी हजचे पैसे मोडले तर कुणाचे मामू रात्री येऊन बोलत नाहीत. फीसाठी मोडले की बोलतात. असं का?

सोलापूरचा भाई

ताई, याला माझ्याकडं उत्तर नाही. माझ्याच बहिणीच्या लग्नाला अब्बांनी हजचे पैसे मोडले, तेव्हा जमातीतल्या एकानंही त्यांना थांबवलं नाही. मीही नाही. ते चूक होतं. पण एक चूक सगळे करतात म्हणून दुसरी बरोबर होत नाही.

बाणकोटची खाडी

व्याजाबद्दल कुणीच बोललं नाही. आपांपुढं तिसरा रस्ता होता: शैक्षणिक कर्ज. हज वेळेवर, फी वेळेवर. मुलगी नोकरीला लागून फेडेल. मजबुरीत सवलत असते. 1999 मध्ये युरोपातल्या फतवा परिषदेनं तिथल्या मुसलमानांना राहत्या घरासाठी बँकेचं कर्ज घ्यायला अटींसह मुभा दिलीच ना?

मुंब्र्याहून

ती मुभा राहत्या घरासाठी आणि तिथल्या परिस्थितीसाठी होती, आणि तिच्यावरही खूप टीका झाली. घरात साडेसात लाख असताना मजबुरी कशी सिद्ध करणार? सूरह बकरामध्ये व्यापार हलाल, व्याज हराम, इतकं सरळ आहे. फर्ज हज वेळेवर व्हावा म्हणून हराम रस्ता धरायचा, हे मला उलटं वाटतं.

आपल्या देशात बिनव्याजी बँकेचा रस्ता नाही, हे खरं दुखणं आहे. 2008 साली रघुराम राजन समितीनं बिनव्याजी बँकिंगचा विचार करा असं सुचवलं होतं. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेनं तो विषय पुढं न्यायचा नाही असं ठरवलं. मलेशियात बघा. तिथल्या गावकऱ्यांनी हजसाठी गुरंढोरं, जमिनी विकून कंगाल होऊ नये म्हणून उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञानं 1959 मध्ये योजना मांडली, आणि 1963 मध्ये हजच्या बचतीची संस्था उभी राहिली. तीच पुढं ताबुंग हाजी झाली. लोक महिन्याला थोडं थोडं टाकतात, ते पैसे व्याजाबाहेरच्या धंद्यात गुंतवले जातात. आपल्याकडं प्रत्येक घर एकटंच लढतं, भिशी आणि कपाटातल्या डब्यावर.

आपा, एक कामाची गोष्ट. राज्याच्या अल्पसंख्याक विभागाची व्यावसायिक शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे, महाडीबीटीवर अर्ज भरतात. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल आधी काढून ठेवा. मिळाली तर तेवढे पैसे हजच्या डब्यात परत जातील.

रोजचं पान

मुंब्र्याच्या ताईंशी सहमत, पण मला अजून एक सांगायचं आहे. पैगंबरसाहेबांचे साथी सलमान फारसी आपल्या भावासारख्या मित्राकडं, अबू दर्दांकडं गेले. ते दिवसभर रोजा आणि रात्रभर नमाज यात असत, बायकोकडं लक्ष नव्हतं. सलमान म्हणाले, रबचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या जिवाचा आहे, घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याला दे. पैगंबरसाहेबांनी हे ऐकून सलमान खरं बोलले असं सांगितलं. वहीत रकाने हवेतच असतील तर आपा, रक्कम आणि तारखेऐवजी "कुणाचा हक्क" असा एक रकाना करा. त्या रकान्यातून बघितलं तर लेकीचा हक्क मला दिसतो. पण तुमच्या मिस्टरांचाही दिसतो. पंधरा वर्षं कुवेतच्या उन्हात ते कशासाठी राबले, ते त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं. या धाग्यात त्यांचं मत कुठंच आलेलं नाही.

वहीवाली

हे वाचून काल रात्री त्यांना विचारलं. खरंच सांगते, आधी नीट विचारलंच नव्हतं. मी ठरवलं आणि ते हो म्हणाले होते.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कुवेतहून मक्का एवढी जवळ होती. तीन वेळा उमराहला (मक्केच्या छोट्या यात्रेला) जायचं ठरवून मी पैसे घरी पाठवले. मला सवय आहे." पुढं काही बोलले नाहीत, आणि मलाही बोलवेना. लेकीनं आतून ऐकलं असावं. सकाळी तिनं वहीत माझ्या ओळीखाली लिहिलेलं होतं: अब्बूंचा हज, माझा पहिला पगार.

सोलापूरचा भाई

आपा, हे वाचून मी फोन बाजूला ठेवून बसलो होतो.

माझं मत तेच आहे. 2031 फार लांब आहे. पण फी भरून झाली आहे, तेव्हा आता दोन गोष्टी करा. पहिली, वसीयत (मृत्युपत्र) लिहा, दोघांनीही. ज्याच्याकडं वसीयत करण्यासारखं काही आहे त्यानं ती लिहिल्याशिवाय दोन रात्री काढू नयेत, अशी हदीस आहे. आमच्याकडं हजे-बदलची वसीयत केली तर ती मालमत्तेच्या एक तृतीयांशातून पुरी होते. तुमच्या मसलकात तर फर्ज झालेला हज कर्जासारखा, वसीयत नसली तरी वाटणीच्या आधी निघतो. तरी लिहा, वारसांना माहीत तरी होईल. अब्बांनी लिहिलं नव्हतं. मला सात वर्षं लागली.

दुसरी, दोघांचं एकच कव्हर (हज कमिटीचा एकत्र अर्ज) भरायचा हट्ट सोडा. डब्यात चार लाख उरलेत. मिस्टरांना एकट्याला आधी पाठवा. तब्येत चांगली आहे तोवर जाऊ द्या. तुमचं पुढं बघू, इन्शाअल्लाह.

बाणकोटची खाडी

एकाला आधी पाठवायचं हे मलाही सुचलं नव्हतं. चार लाखांत एका माणसाचं हज कमिटीतून बहुतेक होईल, वरखर्चाला थोडे कमी पडतील.

वहीवाली

वसीयतीचं आज जुम्याच्या नमाजनंतर करतो, कागद आणून ठेवला आहे.

एकट्यानं जायला ते तयार नाहीत. "तुझ्या भिशीचे पैसे आहेत, मी एकटा कसा जाऊ," म्हणतात. दोन दिवस यावरून आमचं चाललं आहे. भिशीचा माझा नंबर रजब महिन्यात आहे, शिष्यवृत्तीचा दाखला तहसीलमध्ये टाकला आहे. वहीत 2031 पुन्हा खोडलं. त्यांच्या नावापुढं 2027 लिहिलं, माझ्या नावापुढचा रकाना तूर्त मोकळा ठेवला आहे. त्यांना अजून दाखवलेलं नाही.