थायलंडमध्ये निवृत्त होणाऱ्या ब्रिटिशाचा हिशोब आता जुळतो का?

लेस्टरकर:
ओळखीच्या एका इंग्रज गृहस्थांसाठी विचारतोय. वय ६६, एकटेच, चियांग माईला कायमचं जायचं म्हणतात. ब्रिटनचं सरकारी पेन्शन पूर्ण आहे, म्हणजे २०२५-२६ च्या दराने आठवड्याला २३०.२५ पौंड. शिवाय खाजगी पेन्शन महिन्याला ५०० पौंड. बँकेत ६०,००० पौंड. राहतं घर भाड्याचं आहे, त्यामुळे विकून पैसे उभे करण्याचा प्रश्न नाही.

२००६-०७ च्या सुमारास तिकडे गेलेल्या लोकांनी मांडलेले हिशोब ते उराशी धरून बसलेत आणि त्यात सगळा राजेशाही थाट दिसतो. दुसरीकडे, बरेच जण गाशा गुंडाळून परत येताहेत असंही कानावर येतं. नेमकं काय बदललंय? व्हिसा, कर आणि दवाखाना, या तिन्हींचे आकडे कुणी मांडून देईल का? पोर्तुगाल किंवा गोवा त्यांना बरं पडेल का, तेही सांगा.

आकडेमोड:
ते जुने हिशोब आधी बाजूला ठेवायला सांगा. २००६ मध्ये एका पौंडाला ७० बाटच्या (थायलंडचं चलन) आसपास मिळत होते. आता ४४ धरा. थायलंडमधली महागाई वेगळीच, नुसत्या विनिमय दरानेच हातात येणारे पैसे एक तृतीयांशाहून जास्त घटले.

आता त्यांचं उत्पन्न. सरकारी पेन्शन महिन्याला सुमारे ९९८ पौंड, त्यात ५०० मिळवले की १,४९८. वर्षाचे झाले साधारण १७,९७०. ब्रिटनमध्ये १२,५७० पर्यंत कर नाही (ब्रिटिश नागरिकाला ही सूट परदेशी राहूनही मिळते), वरच्या रकमेवर २० टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे १,०८० पौंड. हातात महिन्याला १,४०८ पौंड, ४४ च्या दराने ६२,००० बाटला थोडे कमी. हाच आकडा ७० च्या दराने ९८,५०० होतो. राजेशाही थाट तिथून आला होता.

एकट्या माणसाला चियांग माईत ६२,००० बाट आजही पुरतात, नीट पुरतात. पण हा आकडा इथून पुढे जवळपास वाढणार नाही, आणि बहुतेकांना ही गोष्ट तिकडे गेल्यावरच कळते. ब्रिटन आपलं सरकारी पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढवतं, पण ती वाढ सगळ्या देशांत राहणाऱ्यांना देत नाही. युरोपीय संघ, अमेरिका, फिलिपिन्स इथे मिळते. थायलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, भारत इथे मिळत नाही. जाताना जो दर असेल त्यावरच पेन्शन गोठतं. असे साडेचार लाखांच्या आसपास पेन्शनर जगभर आहेत.

उदाहरण घ्या. एप्रिल २०१६ मध्ये १५५.६५ पौंडांवर पेन्शन सुरू करून कुणी थायलंडला गेला असेल, तर त्याला आजही १५५.६५ च मिळतात. ब्रिटनमध्ये राहिलेल्याला २०२५-२६ मध्ये २३०.२५. आठवड्याला ७४.६० चा फरक, वर्षाचा ३,८७९ पौंड. तुमच्या गृहस्थांचं वय ६६, म्हणजे असा फरक वीस वर्षं साचत जाणार. अमेरिकनांना हा त्रास नाही. त्यांची सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, थायलंडमध्येही महागाईप्रमाणे वाढते, मात्र त्यांचं मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा, परदेशात चालत नाही.

कागदपत्री:
व्हिसाचं मी सांगते. त्यांनी नॉन-इमिग्रंट ओ घ्यावा. ओ-ए घेऊ नये. त्याला आरोग्यविमा सक्तीचा आहे आणि २०२१ पासून नव्या अर्जदाराला तो ३० लाख बाटचा लागतो. ओ वर ही सक्ती नाही. (विमा घेऊ नये असा याचा अर्थ नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय.)

ओ व्हिसा ब्रिटनमधूनच ऑनलाइन मिळतो, ९० दिवसांचा. तिथे पोचल्यावर तो निवृत्तीच्या कारणावर एकेका वर्षाने वाढवून घ्यायचा. वयाची अट ५०. आर्थिक अटीचे मार्ग तीन: थाई बँकेत ८ लाख बाट, किंवा महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न, किंवा ठेव आणि वर्षाचं उत्पन्न मिळून ८ लाख.

उत्पन्नाचा मार्ग त्यांच्यासाठी बंदच समजा. कर जाऊन ६२,००० येतात, ३,००० कमी. पूर्वी वकिलात उत्पन्नाचं पत्र द्यायची आणि त्यात करापूर्वीचा आकडा चालून जायचा. ब्रिटिश वकिलातीने ती पत्रं २०१९ च्या सुरुवातीपासून बंद केली. आता दर महिन्याला परदेशातून प्रत्यक्ष आलेले ६५,००० पासबुकात दिसावे लागतात, आणि ते परदेशातून आले हे नोंदीतच दिसावं लागतं. पैसे पाठवायच्या काही सेवा शेवटचा टप्पा थाई बँकेतूनच करतात, मग पासबुकात ती देशांतर्गत जमा दिसते आणि इमिग्रेशनचा माणूस ती मोजत नाही.

म्हणून ८ लाखांची ठेव. ४४ च्या दराने सुमारे १८,२०० पौंड, त्यांच्याकडे आहेत. क्रम असा:

पोचल्या पोचल्या खातं. इथेच हल्ली सगळ्यात जास्त अडतं. दुसऱ्याच्या नावाची खाती भाड्याने घेऊन चालणाऱ्या फसवणुकीमुळे बँका परदेशी माणसाला सहज खातं देत नाहीत. एक शाखा नाही म्हणाली तर दुसरी हो म्हणते. इमिग्रेशनकडून राहत्या पत्त्याचा दाखला आधी काढून न्यावा. तो दाखला मिळायला घरमालकाने टीएम ३० भरलेला असावा लागतो, म्हणजे परदेशी माणूस राहायला आल्याची २४ तासांत द्यायची खबर. घर बघतानाच मालकाला विचारा, भरणार का. टाळाटाळ करत असेल तर ते घर सोडा.

रक्कम अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात पडून हवी. व्हिसा ९० दिवसांचा, म्हणजे खातं उघडून पैसे मागवायला हातात फक्त पहिला महिना. मुदतवाढ मिळाल्यावर आणखी तीन महिने ८ लाख तसेच ठेवायचे, त्यानंतर वर्षभर ४ लाखांच्या खाली जायचं नाही, आणि पुढच्या अर्जाआधी दोन महिने पुन्हा ८ लाख. थोडक्यात ४ लाख कायमचे अडकले. खातं एकट्याच्या नावावर हवं. खात्यात ८ लाख १० हजार ठेवा. कार्डाचं वार्षिक शुल्क कापलं जाऊन शिल्लक ७,९९,७०० झाली म्हणून अर्ज परत येतात.

अर्ज टीएम ७, फी १,९०० बाट. बँकेचं पत्र आणि पासबुकातली ताजी नोंद त्याच दिवशीची न्यावी. मुदतवाढीनंतर देशाबाहेर पाऊल टाकण्याआधी पुनर्प्रवेशाचा परवाना घ्यायचा, एका खेपेचा १,००० आणि अनेक खेपांचा ३,८०० बाट. तो न घेता चार दिवस लाओसला गेलात तरी मुदतवाढ रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. याशिवाय दर ९० दिवसांनी पत्त्याची हजेरी, टीएम ४७.

दहा वर्षांचा एलटीआर व्हिसा आहे, पण त्याला वर्षाला ८०,००० डॉलर उत्पन्न लागतं, किंवा ४०,००० आणि वर अडीच लाख डॉलरची गुंतवणूक. २०२२ पासून थायलंडला कोणता पाहुणा हवाय ते यावरून कळतंच. मलेशियाने २०२१ मध्ये परदेशी लोकांना दीर्घकाळ राहू देणाऱ्या आपल्या योजनेची महिन्याच्या उत्पन्नाची अट १०,००० रिंगिटवरून एकदम ४०,००० वर नेली होती. साध्या पेन्शनवाल्याचं स्वागत सगळीकडेच आटतंय.

पै_पै:
वर महागाई आणि दराचं नीट आलंय, मात्र परत येणाऱ्यांच्या तोंडी ‘थायलंडने कर लावला’ हे जे असतं त्याचा बाऊ जास्त झालाय.

बदल असा. वर्षात १८० दिवस राहिलं की माणूस थायलंडचा कर-निवासी होतो. पूर्वी परदेशातलं उत्पन्न ज्या वर्षी मिळालं त्याच वर्षी थायलंडमध्ये आणलं तरच करपात्र होतं. पुढच्या वर्षी आणलं की सुटलं. सगळे एक वर्ष थांबून पैसे आणायचे. १ जानेवारी २०२४ पासून ही पळवाट बुजली. आता कर-निवासी असताना मिळालेलं उत्पन्न कधीही आणा, आणलं त्या वर्षी करपात्र. १ जानेवारी २०२४ च्या आधीचं उत्पन्न मात्र यातून वगळलंय.

तुमच्या गृहस्थांचा कर मांडू. वर्षाला आणलेले सुमारे ७,४३,००० बाट. पेन्शनवर ५० टक्के वजावट, पण कमाल १ लाख. वैयक्तिक ६०,०००. वय ६५ च्या वर म्हणून १,९०,०००. उरले ३,९३,०००. पहिल्या दीड लाखावर शून्य, पुढच्या दीड लाखावर ५ टक्के म्हणजे ७,५००, उरलेल्या ९३,००० वर १० टक्के म्हणजे ९,३००. एकूण १६,८०० बाट, सुमारे ३८२ पौंड. ब्रिटनमध्ये ते १,०८० पौंड भरतातच, आणि दोन देशांतल्या करारानुसार त्याची वजावट मागता येते. त्यासाठी पी ६० (वर्षभरात कापलेल्या कराचा दाखला) आणि एचएमआरसीची, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याची, कर-आकारणी जपून ठेवायची. ब्रिटनचं करवर्ष एप्रिल ते एप्रिल आणि थायलंडचं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे दोन वर्षांचे कागद लागतात. विवरणपत्र ३१ मार्चपर्यंत.

तेव्हा कराने कुणी भिकेला लागत नाही. खरा जाच हिशोब ठेवण्याचा आहे, आणि सत्तरीतल्या माणसाला तो नको होतो.

दोन गोष्टी जाण्याआधी करायच्या. बचत खातं आणि पेन्शन जमा होणारं खातं वेगळं ठेवा. निवासी होण्याआधीची बचत आणली तर ती करपात्र नाही, पण दोन्ही एका खात्यात मिसळले की कुठला पौंड कुठला हे दाखवता येत नाही. आणि शक्य असेल तर जुलैच्या मध्यानंतर जावं. त्या वर्षात १८० दिवस भरत नाहीत आणि ८ लाख निवांत आणता येतात.

कागदपत्री:
दवाखान्याचं राहिलं होतं. माझ्या मते थायलंडचा बेत करापायी किंवा व्हिसापायी कमी वेळा फसतो, पंचाहत्तरीनंतरच्या विम्यापायी जास्त. नवी पॉलिसी देताना अनेक कंपन्या सत्तरीच्या आसपास दार लावतात, आधीचे आजार वगळतात, आणि हप्ता वयाच्या टप्प्यागणिक चढतो. गोठलेलं पेन्शन आणि चढता हप्ता यांची कात्री होते. घ्यायचा तर आत्ता ६६ व्या वर्षी, आयुष्यभर नूतनीकरणाची हमी असलेला, फक्त भरती झाल्यावर खर्च देणारा आणि वजावटीची रक्कम (बिलातला आधी आपण भरायचा वाटा) मोठी असलेला घ्यावा. किरकोळ दुखणी खिशातून. उरलेल्या ४१,८०० पौंडांपैकी निम्मे तरी याच कामासाठी वेगळे ठेवावेत.

ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे, नुसत्या नागरिकत्वावर मिळत नाही. कायमचे गेले की मोफत उपचाराचा हक्क संपतो. पुन्हा कायमचे राहायला आल्यावर तो परत मिळतो. फक्त शस्त्रक्रियेपुरतं आलेल्याला बिल लागू शकतं.

स्कूटर चालवणार असतील तर दुचाकीचा परवाना काढायलाच सांगा. ब्रिटनच्या मोटारीच्या परवान्यावर स्कूटर चालवून अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. आणि फेब्रुवारी ते एप्रिल चियांग माईत शेतं नि रानं जाळल्याचा धूर कोंडतो. छातीचं दुखणं असेल तर ते तीन महिने दक्षिणेकडे काढायचे, त्याचं भाडं हिशोबात धरायचं.

ठाणे_ते_लिस्बन:
पोर्तुगालबद्दल थोडक्यात. त्यांच्या उत्पन्नात डी७ व्हिसा (पेन्शनसारखं बांधील उत्पन्न असलेल्यांचा) बसतो. अट तिथल्या किमान वेतनाएवढी, २०२५ मध्ये महिन्याला ८७० युरो, आणि तेवढीच वर्षभराची रक्कम बँकेत. पेन्शनही तिकडे दरवर्षी वाढतं, आणि ब्रिटनकडून मिळणारा एस१ हा आरोग्यहक्काचा फॉर्म नेला की तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळून खर्च ब्रिटन उचलतं. थायलंडमधल्या दोन्ही मोठ्या दुखण्यांवर हा उतारा आहे.

मात्र ज्या करसवलतीसाठी रीघ लागली होती ती गेली. २००९ च्या एनएचआर योजनेत परदेशी पेन्शनवर दहा वर्षं कर नव्हता. फिनलंड आणि स्वीडन यांनी आपल्या पेन्शनरांवरून पोर्तुगालशी असलेले करारच मोडले. २०२० मध्ये १० टक्के कर आला आणि २०२४ पासून नव्या लोकांना योजना बंद. तिच्या जागी आलेल्या योजनेत पेन्शनला सवलत नाही. जुने लेख वाचून जाणारे इथेच फसतात. दुसरी अडचण एआयएमए या स्थलांतरितांच्या कार्यालयाची. २०२३ मध्ये ते सुरू झालं तेव्हाच चार लाखांच्या आसपास प्रकरणं तुंबलेली होती, त्यामुळे निवास कार्डासाठी ताटकळावं लागतं. लिस्बन आणि पोर्टोची घरभाडी त्यांना परवडणारी नाहीत, आतल्या भागातली छोटी गावं बघावीत.

करच महत्त्वाचा वाटत असेल तर ग्रीस परदेशी पेन्शनरला १५ वर्षं सपाट ७ टक्के लावतं.

मांडवीकाठ:
गोवा सोडून द्या. भारताचा निवृत्ती व्हिसाच नाही. पर्यटक व्हिसावर ब्रिटिश माणसाला सलग १८० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने भारतीय वंशाचा नसलेला परदेशी माणूस इथला रहिवासी ठरल्याशिवाय घर घेऊ शकत नाही, आणि त्यासाठी आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त वास्तव्य लागतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. २००० नंतरच्या काळात पर्यटक व्हिसावर घरं घेतलेले कितीतरी ब्रिटिश पुढे चौकशीत अडकले.

ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलेल्या आपल्या लोकांना व्हिसाची अडचण नाही, शेतजमीन सोडून घरही घेता येतं. पण ब्रिटिश पेन्शन घेऊन पुण्याला परतणाऱ्यांनी आकडेमोड यांचा प्रतिसाद पुन्हा वाचावा; ते भारतातही गोठतं.

लेस्टरकर:
सगळ्यांचे आभार. हे मराठीतून इंग्रजीत करून त्यांना देतो. एकच शंका: पेन्शन गोठल्यावर ते अधूनमधून ब्रिटनला आले तर?

आकडेमोड:
ब्रिटनमध्ये असतील तेवढ्या दिवसांपुरता चालू दर मिळतो, पण आल्याचं पेन्शन खात्याला कळवावं लागतं. परत गेले की जुना दर. कायमचे परतले, किंवा वाढ मिळणाऱ्या देशात राहायला गेले, तर चालू दर लागू होतो. मधल्या वर्षांची थकबाकी मात्र नाही.

याच खात्याकडून परदेशी राहणाऱ्यांना हयातीचा फॉर्म टपालाने येतो. तो साक्षीदाराच्या सहीने वेळेत परत गेला नाही तर पेन्शन थांबतं. चियांग माईत घर बदललं की पत्ता आधी तिकडे कळवायचा.

कागदपत्री:
आणि थाई मृत्युपत्र, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं. ते ८ लाख त्यांच्या एकट्याच्या नावावर असणार. माणूस गेला की बँक खातं गोठवते आणि कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकाशिवाय पैसे सोडत नाही. ब्रिटनमधलं मृत्युपत्र चालतं, पण त्याचं भाषांतर आणि प्रमाणीकरण करण्यात वारसांचे महिने जातात. थाई मृत्युपत्रात फक्त थायलंडमधल्या मालमत्तेचा उल्लेख करायचा, नाहीतर नव्या मृत्युपत्राने ब्रिटनचं रद्द व्हायचं.